एक कादंबरी, पाच देशांतील निकालपत्रे

डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवर अनेक देशांत खटले झाले. ते निर्णय मुळातून वाचू पाहणाऱ्या वाङ्मयाभ्यासकाला पहिली अडचण येते ती नावाची. विधिनिर्णयांच्या सूचीत खटले कृतीच्या नव्हे, तर पक्षकारांच्या नावाने लावलेले असतात. अमेरिकेतील १९५९ चा निर्णय ‘ग्रोव्ह प्रेस विरुद्ध क्रिस्टनबेरी’ या नावाखाली आहे. क्रिस्टनबेरी हे न्यूयॉर्कचे पोस्टमास्तर. तेथील वाद पुस्तक टपालाने पाठविण्याचा होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा निर्णय ‘ब्रोडी’ या विक्रेत्याच्या नावाने सापडतो. भारतातील खटला ‘रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा; उदेशी मुंबईतील एका पुस्तकाच्या दुकानाचे भागीदार होते. जपानमध्ये अनुवादक इतो सेई व प्रकाशक आरोपी होते. तेथील निर्णय मात्र मुख्यतः तारखेवरून शोधावा लागतो : १३ मार्च १९५७.

वर्षानेही फसगत होते. उदेशी प्रकरणाचा निर्णय १९६४ चा. पण त्याचा रूढ संदर्भ ‘एआयआर १९६५ एससी ८८१’ असा आहे. यातील वर्ष निर्णयसंग्रहाच्या खंडाचे, शेवटचा अंक पृष्ठाचा.

इंग्लंडबाबत तर शोधाची दिशाच बदलावी लागते. पेंग्विन प्रकाशनाला १९६० साली निर्दोष ठरविले ते ज्यूरीने, आणि ज्यूरी कारणे देत नाही. सर्वांत गाजलेल्या या खटल्याचे सकारण निकालपत्रच नाही! त्यासाठी सी. एच. रॉल्फ यांनी संपादित केलेला, १९६१ साली प्रसिद्ध झालेला खटल्याचा वृत्तान्त पाहावा लागतो.

निकालपत्र हाती आल्यावरही त्यामागचा कायदा पाहिल्यावाचून तुलना करणे धोक्याचे. लंडनमध्ये सुटलेली कादंबरी दिल्लीत दोषी ठरली, यावरून दोन समाजांच्या अभिरुचीविषयी घाईने विधाने केली जातात. वस्तुतः इंग्लंडच्या १९५९ च्या कायद्यात वाङ्मयीन मूल्याच्या आधारे बचावाची स्पष्ट तरतूद होती. भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ मध्ये तशी तरतूद १९६९ च्या दुरुस्तीने आली. उदेशी प्रकरणात आधारभूत मानलेली १८६८ ची ‘हिकलिन’ कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात बाजूला सारली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तेथे हा विषय कलम २९४ मध्ये आहे.

आज इंग्लंडसाठी ‘बेली’, ऑस्ट्रेलियासाठी ‘ऑस्टली’ व भारतासाठी २०२३ पासून ‘ई-एससीआर’ हे निर्णयसंग्रह संगणकावर विनामूल्य खुले आहेत. तेथेही पक्षकाराचे नाव ठाऊक असलेले बरे.

मराठीपुरते एक उदाहरण महत्त्वाचे. ‘शामा’ या कथेवरील खटल्यात लेखक स्वतःच आरोपी असल्याने तो ‘चंद्रकांत काकोडकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने सहज मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला दोषनिर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली रद्द केला. पण निकालपत्र इंग्रजी आहे. वादग्रस्त मराठी वाक्ये पाहायची तर ‘रंभा’चा १९६२ चा दिवाळी अंकच मिळवावा लागतो.