रक्तातला जागल्या

पूर्वी गावाला जागल्या असे. तो रात्री गस्त घाली. चोर दिसला की आरोळी ठोकी. मग सारा गाव काठ्या घेऊन धावे. जागल्याचे खरे काम गावाला उठवण्याचे.

आपल्या रक्तातही असे जागले आहेत. त्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी. डॉक्टर त्यांना सीडी-४ म्हणतात. निरोगी माणसाच्या मोहरीएवढ्या थेंबात त्या ५०० हून जास्त असतात. रोगजंतू शिरला की त्या बाकीच्या पेशींना जागे करतात.

एच.आय.व्ही. नावाचा विषाणू नेमका या जागल्यालाच धरतो. त्याच्या पोटात शिरून तेथेच वाढतो आणि त्याला मारतो. पण हे सारे सावकाश चालते, बरं का! आठ-दहा वर्षे माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो. तोंड पाहून रोग ओळखतो असे कोणी म्हणाला, तर त्याचे ऐकू नका. रक्त तपासल्यावाचून कळत नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

जागले २०० च्या खाली गेले की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. मग कोणताही चोर आत येतो. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या अंगात निजलेले असतात. राखण ढळली की ते उठतात. आपल्याकडे असे पुष्कळ रोगी क्षयानेच दगावतात.

१९८६ साली मद्रासला डॉक्टर सुनीती सोलोमन यांनी हा विषाणू आपल्या देशात प्रथम शोधून काढला. त्या माहेरच्या गायतोंडे. तेव्हा यावर औषध नव्हते. २००४ पासून सरकार औषध फुकट देते. गोळी रोज घ्यायची, जन्मभर. तिने विषाणू समूळ जात नाही, पण त्याची वाढ थांबते आणि जागले पुन्हा वाढतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी बरे वाटले म्हणून गोळी सोडली. वर्षभरात खाटेला खिळले. पुन्हा सुरू केली, आता आठवड्याच्या बाजाराला पायी जातात. नेमाने गोळी घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की तो संबंधातून जोडीदारालाही लागत नाही. तोवर मात्र निरोध वापरलाच पाहिजे.

हा रोग संबंधातून, रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला लागतो. एका ताटात जेवून लागत नाही. तरी कित्येक घरांत नवऱ्याकडून रोग आलेल्या सुनेचे ताट वेगळे मांडतात, आणि मुलाला तेच ताट चालते! हा कुठला न्याय?

गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांतच रक्त तपासून घ्यावे. विषाणू निघाला तर लगेच गोळ्या सुरू होतात. बाळालाही जन्मल्यावर काही आठवडे औषध पाजतात. अशी बहुतेक बाळे या रोगातून वाचतात.