भूमिकाखेळातील निवेदन : संकेत आणि निवड

मुद्रित कथेचा वाचक अर्थ कसाही लावो, घटनाक्रम बदलत नाही. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांनी निवेदक व श्रोता यांच्यातील हा संबंधच पालटला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळात एक जण निवेदक आणि पंच अशा दुहेरी भूमिकेत असतो. इतर खेळाडू आपापल्या पात्रांच्या वतीने निर्णय घेतात.

येथे वर्णन हे संकेताचे कार्य करते. ‘दार बंद आहे’ एवढेच सांगितल्यास खेळाडूची निवड आंधळी ठरते. ‘दार बंद आहे, आत कोणीतरी कण्हते आहे’ असे म्हणताच दार उघडणे वा परत फिरणे या कृतींना नैतिक अर्थ प्राप्त होतो. मात्र कोणतेही दार उघडले तरी निवेदक त्याच खोलीत नेणार असेल, तर निवड हा केवळ आभास उरतो.

विन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) निवेदकाचा हा अधिकार नियमबद्ध झालेला दिसतो. दोन फाशांच्या दानात पात्राचा गुणांक मिळवून बेरीज १० वा अधिक आल्यास कृती साधते. ७ ते ९ आल्यास ती बहुधा अपुरी वा किंमत मोजून साधते. ६ वा कमी आल्यास पुढील चाल निवेदकाकडे जाते. शेवट कोणाच्याच हाती पूर्णपणे राहत नाही.

तात्पर्य, या निवेदनाची कसोटी वर्णनाच्या समृद्धीत नाही. संकेताने मोकळ्या ठेवलेल्या, परिणामकारक जागेत आहे.