देवाशी भांड, पण अबोला धरू नकोस

प्रार्थना होत नाही म्हणतेस ना, मग काही दिवस नको करूस. दचकू नकोस, ताईचं डोकं फिरलेलं नाही. हात जोडून, डोळे मिटून, शब्बाथशाळेत शिकलो तशी क्रमवार प्रार्थना होत नसेल तर राहू दे. मात्र देवाशी अबोला धरू नकोस. भांडायचं असेल तर भांड. "का नेलंस त्यांना? माझ्या पोरांचा तरी विचार करायचास" असं त्याला तोंडावर विचार. विश्वासणाऱ्या बाईने देवाला असं बोलू नये, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. पवित्र शास्त्राने तर नाही भरवलं.

स्तोत्रसंहिता काढ. दीडशे स्तोत्रं आहेत, त्यातलं तेविसावं सगळ्यांना पाठ. सांत्वनाच्या उपासनेत तेच वाचलं जातं, त्यांच्या वेळीही तेच वाचलं. ते सुंदर आहेच. पण त्या दीडशेत रडगाणी, गाऱ्हाणी किती आहेत, हे आपल्याला क्वचितच कुणी सांगतं. तेरावं बघ. अवघी सहा वचनं, आणि पहिल्या दोनांत दावीद एकच प्रश्न चारदा विचारतो, अजून किती दिवस म्हणून. आणि झोप उडालेली असेल त्या रात्री अठ्ठ्याऐंशीवं वाच. गाऱ्हाण्याची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, देवावरच्या भरवशावर येऊन टेकतात. हे टेकत नाही, ते अंधारातच संपतं. असं स्तोत्र शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही, उपासनेत म्हणायच्या गाण्यांतच ठेवलं, याचा मला फार आधार वाटतो. आणि बाविसाव्याची सुरुवात तर वधस्तंभावर खुद्द प्रभूच्या तोंडी आहे. देवाने मला टाकलं असं त्याला ओरडावंसं वाटलं, तर तुला वाटलं यात नवल ते काय?

आता लोकांचं. भेटायला येणाऱ्यांनी तुला जे जे ऐकवलं असेल ते मी इथे बसून सांगू शकते. "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात." "त्याची इच्छा, आपण काय करणार?" "रडू नको गं, ते प्रभूजवळ सुखात आहेत." माणसं वाईट नाहीत, त्यांना गप्प बसवत नाही एवढंच. कुणीतरी थेस्सलनीकाकरांचं पत्रही काढलं असेल, शोक करू नका म्हणून. पौलाचं ते वाक्य तिथे संपत नाही गं. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं तो म्हणतो. शोकच करू नका असं नाही म्हणत. तसंच रोमकरांच्या आठव्या अध्यायाचं. अठ्ठाविसावं वचन, सगळं मिळून आपल्या कल्याणासाठी होतं ते, लोक ताज्या जखमेवर ठेवतात. त्याच्या दोनच वचनं आधी काय लिहिलंय ते वाचत नाहीत. प्रार्थना कशी करावी हेच आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनवणी करतो, तीही शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने. तू उशीत तोंड खुपसून कण्हतेस ना, त्याची देवाकडे नोंद आहे, असं मी तरी मानते.

ईयोबाचे तिघे मित्र आठवतात? सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, चकार शब्द बोलले नाहीत. तोवर उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देवाने कौल कुणाच्या बाजूने दिला? देवाची तरफदारी करणाऱ्या मित्रांच्या नव्हे, देवाशी तावातावाने वाद घालणाऱ्या ईयोबाच्या.

मला स्वतःला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो योहानाचा अकरावा अध्याय. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. येशू उशिरा पोचतो. मार्था वाटेतच गाठून बोलते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग मरीया येते, तीही अगदी तेच बोलते. म्हणजे घरात या दोघी बहिणी चार दिवस हेच एकमेकींना म्हणत असणार. प्रभू दोघींपैकी एकीलाही झापत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीया पायांवर पडून रडते, तेव्हा तोही रडतो. थोड्याच वेळात आपण लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असूनही रडतो. स्वर्गाची आशा असली की अश्रू कमी पडायला हवेत, हा हिशोब त्याला मान्य नसावा.

पण सांत्वन येतं तरी कसं, हे तुझं विचारणं खरं आहे. दर वेळी वचनातूनच येतं असं नाही. एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. खाऊन तो पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून जेवू घातलं. देवाची वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर, कितीतरी दिवसांनी. तुमच्या मंडळीतल्या त्या म्हाताऱ्या मावशी आल्या होत्या ना, मी होते तेव्हा तिथे. आल्या, पदर खोचला, बुडाला करपलेलं दुधाचं पातेलं राख लावून घासलं, चार भाकऱ्या थापल्या, पिठलं टाकलं, तुला समोर बसवून अर्धी भाकरी खायला लावली. जाताना डोक्यावर हात ठेवला आणि "येते गं" म्हणून गेल्या. एक वचन म्हटलं नाही. त्या दिवशी तुझ्या घरी देवदूत येऊन गेला, असं मी खुशाल म्हणते.

तेव्हा आधी जेव. रविवारी देवळात जा, पण मागच्या बाकावर बस. गीत म्हणवत नसेल तर नुसती उभी राहा, बाकीचे म्हणतील. मंडळी कशाला असते मग? प्रभुभोजन चुकवू नकोस. तिथे तुला काही बोलावं लागत नाही, हात तेवढा पुढे करायचा असतो. आणि महिनोन् महिने झोप लागेना, जगणंच नको वाटायला लागलं, तर डॉक्टरांकडे जायचं. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणालं तर सांग, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

घाई कसलीच नको. रेव्हरंड टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरं केलं, आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग आला तो १९३४ साली. मधे पंधरा वर्षं गेली. पंडिता रमाबाईंनी तर तरुणपणीच दुष्काळात आईवडील घालवले, मग भाऊ, मग १८८२ मध्ये नवरा, आणि उतारवयात, १९२१ साली, एकुलती लेक मनोरमा. केडगावला बायबलच्या भाषांतराचं काम त्याही दुःखात चालू होतं. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. या थोर बायकांसारखी हो, असं मी तुला म्हणत नाही. एवढंच म्हणते की देवाने त्यांचं दुःख उचलून बाजूला ठेवलं नव्हतं. ते अंगावर घेऊनच त्या जगल्या, आणि तो सोबत होता.

एक शेवटचं, तुझ्या थोरल्याबद्दल. तो रडला नाही, फार शहाण्यासारखा वागतोय, असं सगळे कौतुकाने सांगतात. आल्यागेल्याने 'आता तूच घरातला कर्ता' म्हणून त्याच्या पाठीवर थोपटलंय. नववीतलं पोर ते, कर्ता कसला! आज रात्री त्याला जवळ घे आणि ते तेरावं स्तोत्र त्याच्यासमोर मोठ्याने वाच. आवाज फुटला तर फुटू दे. आई देवाला असं विचारू शकते हे त्याला दिसू दे, म्हणजे त्यालाही विचारता येईल.