आधी रकाना, मग फोटो

डेटिंग ॲप ओळख करून देते. नाते जमवणे हे त्याचे काम नाही. वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत नाव नोंदवणाऱ्याचा हेतू कोणी विचारत नाही, कारण तो सर्वांना ठाऊक असतो. तिथे शिक्षण, पगार, पत्रिका, अपेक्षा असे रकाने भरले जातात आणि पुढची बोलणी दोन घरे करतात. ॲपवर घर नसते, मध्यस्थ नसतो आणि हेतूही गृहीत नसतो. एकाला वर्षभरात लग्न करायचे असते, दुसरीला नुकतेच तुटलेले नाते विसरायला कोणाशी तरी बोलायचे असते, तिसरा नव्या शहरात एकटा पडलेला असतो आणि चौथ्याला फक्त शनिवारची संध्याकाळ घालवायची असते. चौघांचे फोटो मात्र सारखेच हसरे असतात.

या ॲपचे आजचे रूप टिंडरमुळे रूढ झाले. २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या ॲपने फोटो उजवीकडे सरकवला की पसंती, डावीकडे सरकवला की नापसंती, ही पद्धत लोकप्रिय केली. दोघांची पसंती जुळली तरच गप्पांची खिडकी उघडते. त्यालाच मॅच म्हणतात. त्याआधी २००४ पासून चालू असलेल्या ओकेक्युपिडवर लांबलचक प्रश्नावली भरावी लागे. २०१४ मध्ये आलेल्या बंबलने स्त्री-पुरुष जोडीत पहिला संदेश स्त्रीनेच पाठवायचा असा नियम ठेवला. तो पुढे सैल झाला. त्याच वर्षी ट्रूलीमॅडली आणि आइल ही भारतीय ॲप सुरू झाली. समलिंगी पुरुषांसाठीचे ग्राइंडर तर २००९ पासूनच होते, पण भारतात त्याचा वापर करणाऱ्यांच्या डोक्यावरची कलम ३७७ची तलवार सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने दूर झाली.

फोटो सरकवत राहण्याची ओढ का लागते, याचे उत्तर मानसशास्त्रात जुने आहे. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतील कबुतरांना कळ टोचल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळत नसे. कधी चौथ्या टोचणीला मिळे, कधी चाळिसाव्या. बक्षीस असे अनिश्चित असले की प्राणी कळ सोडत नाही. मॅचही अशीच, केव्हा येईल ते सांगता येत नाही. रात्री साडेअकराला ‘पाच मिनिटे बघू’ म्हणून फोन हातात घेणारा माणूस एक वाजता तो खाली ठेवतो आणि त्या वेळात पाहिलेल्यांपैकी एकाचेही नाव त्याला आठवत नाही. भारतात या ॲपवर पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा बरीच जास्त असल्याने दोन्ही बाजूंच्या सवयी बिघडतात. प्रतिसाद मिळत नाही म्हणून पुरुष न वाचताच सगळ्यांना पसंती देत सुटतात; त्या लोंढ्याखाली दबलेल्या स्त्रिया अधिकाधिक जणांना नाकारतात; आणि मग पुरुष आणखी घाऊक पसंती देतात.

प्रस्तुत लेखक याच घाऊक पसंतीवाल्यांपैकी एक होता. वय एकतीस, वास्तव्य पुण्यात, नोकरी संगणक क्षेत्रात. घरी स्थळे येत होती आणि ती टाळण्यासाठी ‘माझे मी बघतोय’ हे वाक्य तयार होते. त्याच्या चौदा महिन्यांच्या ॲपवासात दीडशेच्या आसपास मॅच झाल्या, प्रत्यक्ष भेटी नऊ. त्यांपैकी एका मुलीशी त्याने भेटीआधी अडीच महिने रोज रात्री गप्पा मारल्या. पुस्तके, आजीची भांडी, बालपणीचे कोल्हापूर, ऑफिसातील राजकारण, सगळे बोलून झाले. ती कोणत्या वेळी चहा घेते हेही त्याला ठाऊक होते. पुढे दोघे भेटले, चार महिने भेटत राहिले, आणि एका संध्याकाळी त्याने घरच्यांना भेटायला येण्याविषयी विचारले. ती गोंधळली. तिने स्वतःचे प्रोफाइल उघडून फोन त्याच्यापुढे धरला. ‘काय शोधत आहात’ या रकान्यात पहिल्या दिवसापासून लिहिले होते: सध्या गंभीर काही नको.

हा रकाना त्याने वाचला नव्हता, असे म्हणणे खोटे ठरेल. वाचला होता आणि ‘भेटल्यावर मत बदलेल’ असे परस्पर ठरवून टाकले होते. फसवणूक झाली असे तो मित्रांना दोन महिने सांगत राहिला. फसवणूक झालीच नव्हती. तिने जे लिहिले होते तेच ती वागली. त्याने मात्र स्वतःच्या प्रोफाइलवर तो रकाना रिकामा सोडला होता, कारण ‘लग्न’ लिहिले तर मॅच कमी होतील अशी भीती होती. लपवाछपवी झाली असेलच तर ती त्याच्या बाजूने.

हेतू ठरवणे म्हणजे लग्नाची तारीख ठरवणे नव्हे. येत्या वर्षभरात आपल्या आयुष्यात दुसऱ्या माणसाला किती जागा आहे, याचे प्रामाणिक उत्तर पुरते: आठवड्याची एक संध्याकाळ, की घराची दुसरी किल्ली? हे उत्तर ॲप उतरवून घेण्याआधी कागदावर लिहावे, कारण एकदा फोटो दिसू लागले की प्रत्येक चेहऱ्यागणिक ते बदलते. ‘काहीच अपेक्षा ठेवू नका’ हा मित्रमंडळींचा आवडता सल्ला इथे निरुपयोगी आहे. अपेक्षा नसलेला माणूस ॲपवर जात नाही. न सांगितलेली अपेक्षाच पुढे त्रास देते. हेतू बदलूही शकतो, मात्र तो बदलला की समोरच्याला सांगावे लागते. ही बाब केवळ शिष्टाचाराची नाही. लग्न करण्याचा इरादा नसताना तसे वचन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या कलमात दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

प्रोफाइलमध्ये अलीकडचे चार-पाच फोटो पुरतात. त्यांपैकी एक पूर्ण उभा असावा आणि एकही मित्रांच्या घोळक्यातला नसावा. ‘फिरायला आवडते, संगीत आवडते’ यातून काहीच कळत नाही. ‘रविवारी पहाटे वेताळ टेकडी, नंतर घरी येऊन झोप’ यातून वेळापत्रक, स्वभाव आणि शहर तिन्ही कळतात. मद्यपान, मुले हवीत की नकोत, आई-वडिलांसोबत राहणे, याविषयीचे रकाने लाजून मोकळे सोडू नयेत. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हे प्रश्न मामा-काका विचारून घेतात. ॲपवर मामाचे काम स्वतःलाच करावे लागते.

मॅच झाल्यावर सर्वांत जास्त चुका होतात त्या गप्पांच्या लांबीत. संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ मध्ये मांडले की केवळ लिखित संवादातून जुळलेली जवळीक कधी कधी प्रत्यक्ष ओळखीपेक्षाही गहिरी वाटते. लिहिणारा विचार करून, निवडून लिहितो आणि वाचणारा रिकाम्या जागा आपल्या कल्पनेने भरतो. लेखकाचे अडीच महिने अशाच भरलेल्या जागांचे होते. प्रत्यक्षात ती मुलगी हळू आवाजात आणि कमी बोलणारी निघाली. लिहिताना ती धबधबा होती. त्यात तिचा दोष काय? आठ-दहा दिवस गप्पा, एक छोटा व्हिडिओ कॉल आणि मग तासाभराची भेट, हा क्रम पुरेसा आहे. पहिली भेट दिवसा आणि वर्दळीच्या ठिकाणी ठरवावी, कुठे जात आहोत हे एका मैत्रिणीला किंवा भावाला कळवावे, आणि येण्या-जाण्याची सोय स्वतःची ठेवावी. एका वेळी दोन-तीन जणांपेक्षा अधिकांशी बोलू नये. कोणाची बहीण डॉक्टर आणि कोणाची आर्किटेक्ट हे गोंधळू लागले की समोरच्याला ते लगेच कळते.

भेटीचे ठिकाण दोघांनी मिळून निवडावे, यामागे आणखी एक कारण आहे. मोठ्या शहरांत एक ठराविक फसवणूक चालते: समोरची व्यक्ती विशिष्ट कॅफे किंवा बारचाच आग्रह धरते, महाग पेये मागवते, घरून फोन आल्याचे सांगून निघून जाते, आणि हजारोंचे बिल मागे राहते. मालकाशी तिचे आधीच साटेलोटे असते. न भेटता आभासी चलनात गुंतवणूक सुचवणारे आणि व्हिडिओ कॉलचे छुपे चित्रण करून धमकावणारे हे दुसरे प्रकार. न भेटलेल्या माणसाला एक रुपयाही पाठवू नये. धमकी आली तर पैसे भरल्याने ती थांबत नाही, मागणी वाढते. अशा वेळी संभाषणाचे स्क्रीनशॉट जपावेत, लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पैसे गेले असतील तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते.

नकार ॲपवर बहुधा शब्दांत येत नाही. उत्तर येणे थांबते. याला घोस्टिंग म्हणतात. दोन संदेशांना उत्तर नसेल तर तिसरा पाठवू नये आणि कारणमीमांसाही करू नये. समोरचे माणूस आजारी असेल, कंटाळले असेल, दुसऱ्या कोणाशी जुळले असेल. कळायला मार्ग नाही. प्रत्यक्ष भेटल्यानंतर मात्र दोन ओळींचा स्पष्ट नकार देणे हे कर्तव्य समजावे. नऊपैकी पाच भेटींनंतर लेखकाने तो दिला नाही.

ॲपवरचा मुक्कामही मोजका असावा. दिवसाला वीस मिनिटे, तीही झोपण्याच्या वेळी नकोत, आणि तीन महिन्यांनी किमान महिनाभर सुट्टी. शुल्क भरून घेतलेल्या सुविधांमुळे प्रोफाइल अधिक जणांना दिसते. ते अधिक आवडेल याची हमी कोणी देत नाही. थांबायचे ठरले की फोनवरून ॲप काढणे पुरत नाही. त्याने प्रोफाइल मिटत नाही आणि मासिक वर्गणीही बंद होत नाही. आधी वर्गणी रद्द करावी, मग ॲपमधील पर्यायातून खाते कायमचे मिटवावे, आणि शेवटी फोनवरून ॲप काढावे. लेखकाने फक्त शेवटची पायरी पार पाडली होती. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात मावसबहिणीने त्याचे प्रोफाइल तिच्या मैत्रिणीच्या फोनवर पाहिले आणि स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. ‘काय शोधत आहात’ हा रकाना अजूनही रिकामाच होता.