क्रियापद आडवं चालवा

स्पॅनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिले काही आठवडे फार जड जात नाहीत. उच्चार आपल्या जिभेला सोपे, लिहिल्याप्रमाणे वाचायचं, लिंगवचनाची सवय तर जन्मापासूनची. अडतं ते क्रियापदाशी. त्यातही सगळे ज्यांना घाबरतात त्या अनियमित क्रियापदांशी नव्हे, तर साध्या, नियमित, सरळ चालणाऱ्या क्रियापदाशी. मी स्पॅनिश शिकले, त्या भाषेवर काही वर्षं नोकरी केली आणि आता नगरमध्ये सुटीच्या दिवशी थोड्या मुलामुलींना शिकवते. या तिन्ही टप्प्यांवर एकच गोष्ट पाहिली, म्हणून ती सविस्तर सांगते.

आधी थोडी ओळख. स्पॅनिश क्रियापदं तीन गटांत येतात. काहींच्या शेवटी 'आर', काहींच्या 'एर', उरलेल्यांच्या 'ईर'. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबीर म्हणजे राहणं. शेवटचा तुकडा काढायचा आणि कर्ता व काळ पाहून नवा प्रत्यय लावायचा. आब्लो म्हणजे मी बोलतो किंवा बोलते, आब्लास म्हणजे तू, आब्ला म्हणजे तो किंवा ती, आब्लामोस म्हणजे आम्ही, आब्लान म्हणजे ते. स्पेनमध्ये 'तुम्ही सगळे'साठी आणखी एक रूप आहे. लॅटिन अमेरिकेत ते बोलण्यात नाही, म्हणून मी सुरुवातीला ते बाजूला ठेवते.

शाळेत संस्कृतचे शब्द चालवलेल्यांना हे ओळखीचं वाटतं. धोका तिथूनच सुरू होतो. मी ज्या क्लासला जात होते, तिथे प्रत्येक काळाचा तक्ता वरून खाली पाठ करून घेत. परीक्षेत त्याचे गुण मिळत. पण सात पाचे किती हे माहीत नसलेलं पोर जसं सात एके सातपासून म्हणत येतं, तसं आम्ही 'ते बोलतात' म्हणायला 'मी'पासून पायऱ्या उतरत यायचो. तोवर समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असे.

त्याहून मोठा घोटाळा वहीत होता. आम्ही सगळे देवनागरीत लिहून घेत होतो आणि कोणी अडवलं नाही. त्याची किंमत पुढे एकीला मोजावी लागली, तो प्रसंग असा.

पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही रात्रपाळीला लॅटिन अमेरिकेतल्या ग्राहकांचे फोन घ्यायचो. माझ्या शेजारी पारनेरकडची एक मुलगी बसे. हुशार, मेहनती, तक्ते तोंडपाठ. एका ग्राहकाची मागणी त्याच्याच कार्यालयातल्या कोणीतरी रद्द केली होती. ती पुन्हा सुरू करा, म्हणून त्याचा फोन होता. हिला सांगायचं होतं, "तुमच्याकडच्या माणसानं ती रद्द केली." रद्द करणं म्हणजे कान्सेलार, अगदी नियमित. 'त्यानं रद्द केली' याला कान्सेलो, पण जोर शेवटच्या 'लो'वर. जोर मधल्या 'से'वर दिला की त्याच कान्सेलोचा अर्थ होतो 'मी रद्द करते'. हिनं जोर 'से'वर दिला. मागणी वाचवायला फोन केलेल्या माणसाच्या कानावर पडलं, "मी रद्द करते." तो भडकला, वरिष्ठांना बोलवा म्हणाला, फोनची ध्वनिफीत काढून ऐकली गेली आणि मुलीला लेखी समज मिळाली. नंतर तिची वही पाहिली. सुवाच्य अक्षर, लाल शाईच्या ओळी, आणि दोन वेगवेगळ्या पानांवर एकसारखं लिहिलेलं 'कान्सेलो'. तिनं जे लिहून घेतलं तेच ती बोलली होती.

आता इथे, या लेखातही, मला तीच अडचण येते आहे हे पाहा. जोर कुठे, हे शब्दाशेजारी वाक्यानं सांगावं लागतं आहे. मराठीत आघात बदलल्यानं काळ बदलत नाही, कर्ता बदलत नाही, म्हणून आपल्या लिपीला त्याची खूण ठेवायची गरजच पडली नाही. स्पॅनिशमध्ये मात्र रोमन अक्षरावर एक तिरपी रेघ असते आणि त्या रेघेवर माणसाचा 'मी' आणि 'तो', आज आणि काल ठरतो. कान्सेलार हेच घ्या. शेवट 'ओ'चा आणि जोर 'से'वर असेल तर मी रद्द करतो, जोर शेवटी असेल तर त्यानं रद्द केलं. शेवट 'ए'चा आणि जोर शेवटी असेल तर मी रद्द केलं, जोर 'से'वर असेल तर 'आपण रद्द करा' ही विनंती. चारही रूपं फोनवर रोज कानावर येतात.

म्हणून पहिला सल्ला: क्रियापदांची वही पहिल्या दिवसापासून रोमन लिपीत ठेवा आणि आघाताची रेघ अक्षराचाच भाग समजा. उच्चार पटकन टिपायला एखाद्या दिवशी देवनागरीचा आधार घेतला तर बिघडत नाही, पण क्रियापदाचं रूप त्यात कधीही नको. नियमही कठीण नाही. शब्द स्वरानं, 'न'नं किंवा 'स'नं संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर, एरवी शेवटच्या. जिथे हा नियम मोडतो, तिथे रेघ. मुलांना मी प्रत्येक रूप म्हणताना जोराच्या जागी टेबलावर बोट आपटायला लावते. सुरुवातीला ती लाजतात, मग कान तयार होतो.

दुसरी गोष्ट मला जास्त जिव्हाळ्याची आहे. आपल्याकडे स्पॅनिश इंग्रजीतून शिकवलं जातं. पुस्तक इंग्रजी, तक्त्याचे मथळे इंग्रजी, भाषांतराचे सराव इंग्रजी. तालुक्याच्या मराठी शाळेतून आलेलं मूल त्यामुळे दोन परक्या भाषांशी एकदम झुंजतं. आणि गंमत नव्हे, खेद असा की क्रियापदाच्या बाबतीत मराठी स्पॅनिशला इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळ आहे. आपण 'जेवलो', 'झोपतेस', 'येशील' म्हणतो, 'मी', 'तू' म्हणावं लागत नाही. स्पॅनिशही तसंच. इंग्रजीच्या वाटेनं आलेली मुलं प्रत्येक वाक्यात 'यो, यो' म्हणजे 'मी, मी' करत राहतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वतःवर एवढा जोर का देतो आहे.

भूतकाळाशी आलं की हे अंतर फारच जाणवतं. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. एक घडून संपलेल्या गोष्टीचा, दुसरा चालू असलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या गोष्टीचा. इंग्रजीत दोन्हींकडे बऱ्याचदा एकच रूप वापरता येतं, म्हणून इंग्रजीतून शिकणारा वर्षभर चाचपडतो. मराठी मुलाला चाचपडायचं कारण नाही. आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे: तो जाई, ती बोले, ते राहत असत. अपूर्ण भूतकाळ आहे: तो बोलत होता. हे दोन्ही मिळून स्पॅनिशचा तो दुसरा भूतकाळ होतो. आब्लाबा म्हणजे बोलत होता, आणि आब्लाबा म्हणजेच बोलत असे.

मी शिकवताना घरचंच वाक्य घेते. 'आजोबा प्रवरानगरच्या साखर कारखान्यात काम करत असत. १९७२ मध्ये, दुष्काळात, त्यांनी गाव सोडलं.' पहिल्या वाक्याला त्राबाखाबा, दुसऱ्याला देखो, जोर शेवटच्या 'खो'वर. त्राबाखार म्हणजे काम करणं, देखार म्हणजे सोडणं, दोन्ही नियमित. 'करत असत' आणि 'सोडलं' यांतला फरक नगरच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही, तो त्याच्या घरात आहे. फक्त 'तो फरक इथेही तसाच आहे' एवढं कोणीतरी सांगायला हवं. नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हाच्या मराठीत 'बोले', 'करी' ही रूपं चालू काळाची होती. पुढे ती सरकत सरकत जुन्या सवयींच्या भूतकाळात गेली. ज्या मुलाला हे सांगितलं जातं, त्याला काळाची रूपं म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हेही कळतं.

या दुसऱ्या भूतकाळाची आणखी एक सोय म्हणजे संपूर्ण भाषेत फक्त तीन क्रियापदं त्यात अनियमित आहेत: असणं, जाणं आणि पाहणं यांची. 'आर'वाल्यांना 'आबा', 'एर' आणि 'ईर'वाल्यांना 'ईया', एवढ्यावर काम भागतं. 'मी' आणि 'तो' यांचं रूप मात्र इथे एकच असतं, म्हणून संदर्भ स्पष्ट नसेल तेव्हा 'यो' म्हणणं योग्य.

मराठी जवळची असली तरी तिच्यामुळे होणाऱ्या चुकाही आहेत आणि त्या कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडायच्या नाहीत. पहिली मुलींची. आपल्याकडे मुलगा 'बोलतो', मुलगी 'बोलते'. त्यात स्पॅनिश विशेषणांना पुरुषासाठी 'ओ' आणि स्त्रीसाठी 'आ' हा शेवट सर्रास लागतो. मग मुली स्वतःबद्दल 'आब्लो'ऐवजी 'आब्ला' म्हणायला लागतात. स्पॅनिश क्रियापदाच्या या काळांना लिंग नाही. बाई असो वा पुरुष, 'मी बोलते' हे आब्लोच.

दुसरी चूक कर्मणी प्रयोगाची. 'तिनं आंबा घेतला', 'तिनं आंबे घेतले', 'तिनं पेरूची फोड घेतली'. आपलं भूतकाळाचं क्रियापद घेतलेल्या वस्तूकडे पाहून बदलतं. स्पॅनिश क्रियापद वस्तूकडे पाहतच नाही, ते फक्त करणाऱ्याकडे पाहतं. तिनं एक आंबा घेतला काय नि पेटी घेतली काय, कोंप्रो, जोर शेवटी. माझ्याकडची चांगली शिकलेली मुलंही 'आंबे' आले की 'कोंप्रारोन' म्हणजे 'त्यांनी घेतले' असं म्हणून जातात. यावर उपाय एकच सापडला: वाक्य बोलण्याआधी 'कोणी?' असा प्रश्न मनात विचारायचा, 'काय?' असा नाही.

तिसरी खास आपल्या भागातली. आमच्याकडं बोलण्यात 'मी येईल', 'मी सांगेल' असं सहज म्हणतात. पुस्तकी मराठीत 'मी येईन, तो येईल' असा भेद आहे, तो नगरच्या बोलीत बराच पुसट झाला आहे. बोलीत काही उणं नाही, ती आमची आहे. पण स्पॅनिश भविष्यकाळात आब्लारे म्हणजे मी बोलेन आणि आब्लारा म्हणजे तो बोलेल, हा भेद पक्का आहे, आणि आमची मुलं नेमकी इथे घसरतात. त्यांना मी 'येईन' आणि 'येईल' आधी मराठीत मोठ्यानं म्हणायला लावते. बाकी हा काळ दयाळू आहे. शेवट काढायचाच नाही, अख्ख्या आब्लारला, कोमेरला, बिबीरला प्रत्यय जोडायचा, आणि प्रत्यय तिन्ही गटांना तेच. रोजच्या बोलण्यात तर लोक याहून 'बोय आ आब्लार' असंच जास्त म्हणतात. शब्दशः 'बोलायला जातो', अर्थ 'बोलणार आहे'.

आणखी एक छोटी सूचना. कोणी हाक मारली की आपण जागेवरून न उठता 'आलो!' म्हणतो. स्पॅनिशमध्ये अशा वेळी भूतकाळ चालत नाही. तिथे 'या बोय' म्हणतात, तो वर्तमानकाळ.

आता आडवं चालवण्याबद्दल. तक्ता वरून खाली म्हणण्याऐवजी एकच कर्ता धरून काळांमधून फिरायचं. 'मी'चा दिवस असेल तर आब्लो, आब्ले, आब्लाबा, आब्लारे. बोलतो, बोललो, बोलत होतो, बोलेन. दुसऱ्या दिवशी 'ते': आब्लान, आब्लारोन, आब्लाबान, आब्लारान. खऱ्या संभाषणात माणूस असाच हलतो. आपण स्वतःबद्दल बोलत असतो आणि काळ बदलत जातो. 'मी, तू, तो, आम्ही' अशी रांग लावून कोणी बोलत नाही. 'आम्ही'चं रूप 'आर' आणि 'ईर' गटांत वर्तमान आणि संपलेला भूतकाळ या दोन्हींत एकच असतं, हे आडवं म्हणतानाच लक्षात येतं. मग 'काल'साठी 'आयेर' हा शब्द वाक्यात ठेवायची सवय लागते.

आदरार्थी रूपासाठीही मराठीचा हात धरा. 'उस्तेद' म्हणजे आपण, आणि त्याचं क्रियापद 'तो'सारखं चालतं. आपल्याकडे 'आपण यावं' म्हणताना जसा समोरचा माणूस थोडा दूर, उंचावर ठेवला जातो, तसंच हे. वयानं मोठ्या माणसाशी 'तू'चं रूप वापरू नका. कोलंबियात, मेक्सिकोत, आपल्याइतकंच ते खटकू शकतं.

सरावाला माणसं कुठून आणायची, असं मुलं विचारतात. नगरजवळ अरणगावला मेहेराबाद आहे. मेहेरबाबांच्या समाधीला जगभरातून लोक येतात, त्यांत स्पॅनिश बोलणारेही भेटतात. पण ते सरावासाठी नव्हे, श्रद्धेनं आलेले असतात, हे विसरू नका. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून देह ठेवीपर्यंत, म्हणजे ३१ जानेवारी १९६९ पर्यंत मौन पाळलं. दर १० जुलैला त्यांचे भक्त बोलत नाहीत. त्या दिवशी तिथे आब्लार चालवायला जाऊ नये. इतर दिवशी आधी नमस्कार करा, वेळ आहे का विचारा, 'उस्तेद' वापरा, आणि चूक सुधारून द्या अशी विनंती करा. बहुतेक जण आनंदानं सुधारून देतात.

अनियमित क्रियापदांचं काय, हा प्रश्न उरतो. सेर (असणं), ईर (जाणं), तेनेर (जवळ असणं) ही पहिल्या आठवड्यातच लागतात, टाळता येत नाहीत. त्यांचे तक्ते करू नका, वापरातली पाच-सहा वाक्यंच पाठ करा. तक्ते फक्त तीन नियमित क्रियापदांचे: आब्लार, कोमेर, बिबीर. वर्तमान, मग संपलेला भूतकाळ, मग 'आबा-ईया'चा, शेवटी भविष्य, या क्रमानं. प्रत्येक काळ अंगवळणी पडेपर्यंत पुढच्याला हात लावू नका. परीक्षेची तारीख ठरली असली आणि क्लास पुढे पळत असला, तरीही.