वस्तऱ्याच्या मुठीचा जीर्णोद्धार

विनायक : तात्या, शेफील्डचा हा जुना वस्तरा हाती येताच तुम्ही पात्याआधी मूठच न्याहाळू लागलात. दाढी तर पात्याने होते. मूठ मोडकी असली म्हणून काय बिघडले?

तात्या : वस्तरा मिटला म्हणजे पात्याचा सारा मुक्काम मुठीतच असतो, हे ध्यानात घे. दोन पातळ पट्ट्या, शेपटाकडे त्यांच्यामध्ये बसवलेली पाचर, आणि एक रिबिट पात्याशी, दुसरे पाचरीशी, एवढाच तिचा संसार. परंतु पाचरीचा उतार किंचित चुकला किंवा पट्टी वाकली, तर मिटताना धार पट्टीला घासते आणि सहाणेवर केलेले श्रम व्यर्थ जातात.

विनायक : मग जुनी काढून नवी मूठ घालावी, हे सोपे नव्हे का?

तात्या : मुठीचा जिन्नस ओळखल्यावाचून असा निवाडा देऊ नये. सेल्युलॉइडची असेल, तर तुझे म्हणणे मला मान्य आहे. अमेरिकेतील हायट बंधूंनी १८७०मध्ये ज्याचे पेटंट घेतले, तो नायट्रोसेल्युलोज व कापूर यांच्या संयोगाने होणारा पदार्थ हस्तिदंताची आणि कासवाच्या कवचाची बेमालूम नक्कल करी, म्हणून मुठीसाठी तो फार लोकप्रिय झाला. परंतु काळ लोटला की त्याचे विघटन होऊन आम्लधर्मी वायू सुटतात आणि मिटलेल्या मुठीत कोंडून पोलाद पोखरतात. पात्याचा जेवढा भाग मुठीत दडतो तेवढ्यावरच गंज चढलेला दिसला, तर आधी मुठीचाच संशय घ्यावा. अशी मूठ कितीही देखणी असली तरी ती पात्यापासून तत्काळ अलग करावी, आणि दिव्याजवळ तर मुळीच नेऊ नये. ती भडकन पेट घेते.

विनायक : आणि ही काळी मूठ?

तात्या : ही शिंगाची. शेफील्डच्या कारखान्यांना म्हशीची शिंगे हिंदुस्थानातूनही जात, तेव्हा हिचे मूळ आपल्याच मुलखात असणे असंभवनीय नाही. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांचेच द्रव्य. कोरडे पडले की त्याचे पापुद्रे सुटतात, किडे ते कुरतडतात, पण त्याचा जीर्णोद्धार होऊ शकतो, आणि होऊ शकतो तोवर ते टाकून देणे मला अन्यायाचे वाटते. वाकलेली पट्टी गरम पाण्यात मऊ करून दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून थंड होऊ द्यावी, कीड लागलेली भोके शिंगाचाच भुसा इपॉक्सीत कालवून बुजवावीत, मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने, आधी जाड व शेवटी अगदी बारीक, ती घासावी आणि तेल जिरवावे.

विनायक : पाचर शिशाची दिसते.

तात्या : जुन्या मुठींत ती पुष्कळदा तशीच असते. शिसे विषारी असल्याने ते कोरडे घासून धूळ उडवू नये, एवढा बंदोबस्त ठेवावा.

विनायक : आता रिबिट राहिले.

तात्या : कारागिराची खरी परीक्षा तेथेच होते. जुन्या रिबिटाचे डोके कानशीने घासून ते बाहेर काढावे. मग सुमारे दीड मिलिमीटर जाडीची पितळी वा जर्मन सिल्व्हरची तार ओवून, दोन्ही बाजूंना चकत्या घालून, चकतीबाहेर जेमतेम अर्धा मिलिमीटर टोक ठेवावे, आणि लहानशा ऐरणीवर, गोल तोंडाच्या हातोडीने, दोन्ही बाजू आलटूनपालटून हलकेच ठोकावे. मात्र दर दहापाच ठोक्यांनी वस्तरा मिटून पाते मध्यभागी येते की नाही हे पाहावे. घाईने एक ठोका जास्त पडला, तर शिंग तडकते. आणि ते तडकले नाही तरी आवळलेले रिबिट सैल करण्याचा इलाज नाही, ते कापून पुन्हा नवी तार ओवावी लागते.