दाते कापून टाक

जळगाव

चि. भाचीस,


बऱ्हाणपुरात भट्टी लावलीस याचा मला फार आनंद आहे. तुझ्या स्टोनवेअरच्या कपांचे फोटो नीट पाहिले. हात सफाईदार झालाय. पण कपांवर दातेरी चक्रं आणि रिव्हेटांच्या ओळी काढल्यास, ते मला पटलं नाही. त्या खाचांत चहाची साय अडकेल आणि घासणाऱ्याची बोटं तिथे पोचणार नाहीत. यंत्रातला दाता पुढच्या दात्याला ढकलतो. कपावर त्याला काय काम?

कारखान्याकडून शिकायचं तर एखाद्या पॉवरलूमवाल्याकडे जा आणि धोटा हातात घेऊन बघ. त्याची टोकं निमुळती असतात, कारण त्याला ताण्याच्या सुतांमधून न अडकता जायचं असतं. विजेच्या खांबावरचा इन्सुलेटर तर आपल्याच जातीचा, चिनी मातीचा. त्याच्या झालरी नक्षीसाठी नाहीत. पावसात आतली बाजू कोरडी राहावी आणि पृष्ठभागावरून निसटणाऱ्या विजेची वाट लांब व्हावी, म्हणून त्या आहेत. तुमच्या बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यातही पुन्हा एकदा उतर. अब्दुर्रहीम खानखानानांच्या काळात, १६१५ साली बांधलेल्या त्या भुयारांतून सातपुड्याकडचं पाणी पंपाशिवाय, निव्वळ उतारावर वाहत येतं. तिथल्या विहिरींसारख्या कुंड्या हवा आणि उजेड आत सोडतात.

जर्मनीत बाउहाउसच्या डोर्नबुर्गच्या कुंभारशाळेत थिओडोर बोगलरने १९२३ मध्ये साच्यातल्या सुट्या भागांतून चहाची किटली जुळवली. भाग तेच ठेवून कान कधी वर, कधी बाजूला लावता यायचा. औद्योगिक रचना मी तिला म्हणतो.

आता मोजमाप, कारण तुझं खरं दुखणं इथे आहे. एका फोटोतले चार कप चार उंचीचे दिसतात. तुझी माती वाळून-भाजून १२ टक्के आक्रसत असेल, तर १०० मिलिमीटरच्या कपासाठी ओला कप ११४ मिलिमीटरचा लागतो. घनफळाचा फरक याहून मोठा असतो: २०० मिली मावायला हवं तर ओल्या कपात सुमारे २९३ मिली मावलं पाहिजे. आधी मातीच्या पट्ट्या भाजून आक्रसणं स्वतः मोज, मग पत्र्याचा फर्मा काप आणि प्रत्येक कप त्याला लावून बघ. लोणच्याच्या बरणीचं झाकण मात्र वेगळं भाजू नकोस. ते बरणीवर बसवूनच भाज, म्हणजे दोन्ही एकत्र वाकतील. टेकायच्या कडांना ग्लेझ लागू देऊ नकोस, नाहीतर झाकण कायमचं चिकटेल.

तापीकाठच्या काळ्या मातीचा मोह मला कळतो. पण ती ओली असताना फुगते आणि वाळताना तडकते. स्टोनवेअरच्या १२५० अंशांच्या आचेला ती आकार धरून ठेवणार नाही. कुंभारवाड्यातला माठ कमी आचेचा, म्हणूनच तो पाझरतो आणि पाणी गार करतो. लोणच्याच्या बरणीला मात्र पाझरून चालत नाही. ती काळी माती गाळून पातळ कर आणि ग्लेझ म्हणून तुकड्यांवर लावून बघ. तिच्यातलं लोह तपकिरी रंग देईल असा माझा अंदाज आहे. ग्लेझसाठी निर्मला पटवर्धनांचं कुंभारांसाठीचं हँडबुक मिळव. शिसं असलेली कोणतीही पूड कार्यशाळेत येऊ देऊ नकोस, ती कितीही चमकदार असली तरी.

विकण्याआधी प्रत्येक भट्टीतला एक बिनग्लेझचा तुकडा कोरडा तोल, दोन तास उकळ, पुसून पुन्हा तोल. १०० ग्रॅमचा तुकडा १०२ ग्रॅमच्या वर गेला, तर त्या भट्टीतली भांडी लोणच्याला देऊ नकोस. ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेव. सकाळी रंग उतरलेला दिसला तर ते ग्लेझ भट्टीच्या वहीतून काट.

 दिवाळीला येशील तेव्हा एकाच फर्म्यातले सहा कप आण, दाते नसलेले. आणि भट्टीची वहीसुद्धा आण, मला कपांआधी ती बघायची आहे.

तुझा मामा